जुबाची गिरणी आणि सहावी सही

मी फक्त एवढंच विचारलं होतं, "मुलं किती?"

मांडीवर वही, कानावर पेन, आणि समोर कडुलिंबाच्या सावलीत बसलेल्या चाळीसएक बायका. वहीत मी पट्टीने रकाने पाडले होते. नाव, घरातली माणसं, मुलं, आठवड्याला लागणारं धान्य. रकाने पाडले की कुठलाही प्रश्न निम्मा सुटतो, असं मी गेली तीस वर्षं मानत आलो आहे. पहिल्या पाच जणींनी नावं सांगितली आणि मुलांचं विचारल्यावर लांब कुठेतरी बघत बसल्या. मला वाटलं, लाजत असतील. सहाव्या होत्या न्यामाल. साठीच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यांना मी जरा आवाज चढवून विचारलं, आणि कळायला सोपं जावं म्हणून एकेक बोट उघडूनही दाखवलं.

त्या उठल्या. खांद्यावरच्या कापडाची गाठ सारखी केली, आपला रिकामा पिवळा कॅन उचलला, माझा दुभाष्या लादो याच्याशी एक वाक्य बोलल्या आणि चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग दहा-बारा जणी उठल्या. त्यांनीही कॅन उचलले.

"काय म्हणाल्या?" मी लादोला विचारलं.

लादो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "त्या विचारतात, जिवंत आहेत तेवढीच सांगायची की सगळी?"

हा बुधवार. शनिवारी दुपारी माझं परतीचं विमान होतं आणि रविवारी साडेअकराला बदलापुरात माझ्या मुलीचा साखरपुडा. मध्ये होती एक गिरणी आणि तिच्या कागदावरच्या सहा सह्या. त्यातली सहावी सही मी आत्ताच बोटं मोजून घालवली होती.

मी तिथे कसा

आमचा कारखाना अंबरनाथ एमआयडीसीत. पिठाच्या गिरण्या आणि त्यांची डिझेल इंजिनं. मालक गोपशेठ उल्हासनगरला बसतात, मी बदलापूरला राहतो, आणि गिरण्या जगभर जातात. ही एक गेली होती दक्षिण सुदानला, जुबा शहराच्या टोकाला असलेल्या एका वस्तीत. तिथल्या बायकांनी एका चर्चच्या मदतीने ती मागवली होती. बसवून, चालवून, समितीच्या सह्या घेऊन परत यायचं, एवढंच काम. खरं म्हणजे ते तरुण इंजिनियरांचं. पण आमच्या दोन तरुण इंजिनियरांच्या आयांनी त्या देशाचं नाव मोबाइलवर शोधून बघितलं, आणि दोघांच्याही पाठीत एकाच आठवड्यात चमक भरली.

"अरे साईं, तुम जाओ ना," गोपशेठ म्हणाले. "आठ दिन का काम. शनिवारी बसला, रविवारी सकाळी आपला बदलापूर. फंक्शन साडेग्यारा को ना? नहा के, शेरवानी डाल के, आरामात."

मी हो म्हणालो. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. आमच्या व्याह्यांनाही तसंच म्हणालो होतो, आणि घोळ तिथेच होता.

व्याही अंबरनाथचे, सरकारी कचेरीतून निवृत्त, बोलायला अत्यंत गोड. दुसऱ्या भेटीत त्यांनी खिशातून घडी घातलेला फुलस्केप काढला. "आमची मागणी काहीच नाही हो. फक्त रीतभात." रीतभात दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. चांदीचं ताट-वाटी, त्यांच्याकडच्या साठ माणसांचे आहेर, वरातीला घोडा आणि घोड्यापुढे बँड. मी एकेका ओळीला "हो, हो, का नाही" करत गेलो. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. ती नजर सत्तावीस वर्षं ओळखीची आहे.

ते गेल्यावर आमची केतकी शांतपणे म्हणाली, "बाबा, हे तुम्ही थांबवा. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आणि मी बोलले की लग्न मोडेल, हे तुम्हालाही माहीत आहे." ते सगळ्यांनाच माहीत होतं. केतकी आईवर गेली आहे. मुलगा, ओंकार, चांगला होता, तिनेच पसंत केलेला, पण बापासमोर त्याचीही माझ्यासारखीच 'हो, हो' चालायची.

म्हणून बायकोने ठरवलं, की साखरपुड्याला, पुडा हातात द्यायच्या आधी, मी उभं राहून एक वाक्य बोलायचं. वाक्यही तिनेच लिहून दिलं. "साहेब, यादी नको, लग्न दोघांनी मिळून करू." मी ते आंघोळ करताना म्हणायचो. आवाज बरा लागायचा. जुबाला निघताना तिने लोणच्याची बरणी बॅगेत ठेवली आणि विचारलं, "वाक्य?" मी म्हणून दाखवलं. "व्याही समोर आहेत असं समजून म्हणा," ती म्हणाली. ते काही जमलं नाही.

सोमवार, मंगळवार

जुबात उतरल्यावर पहिलं जाणवतं ते ऊन. मार्च महिना, चाळीसच्या पुढे पारा, लाल माती, आणि त्या मातीतून निळे टँकर नाईल नदीचं पाणी घेऊन धावत असतात. शहराला नळ फारसे नाहीत. देश स्वतंत्र झाला दोन हजार अकरा साली. माझी बदलापूरची इमारत त्याहून जुनी आहे. इमारतीला गळती आहे, त्यामुळे देशाला मी नावं ठेवणार नव्हतो. निदान सोमवारपर्यंत तरी.

सोमवारी वस्तीवर गेलो तर गिरणीचा पाया घालून तयार होता, पण आडवा. आम्ही पाठवलेला नकाशा त्यांनी उलटा धरला होता. इंजिनाचा पट्टा सरळ भिंतीत जात होता. भिंत पाडायची का पाया, यावर सभा भरली. सभा म्हणजे कडुलिंबाखाली. आपलाच कडुलिंब, लिंबोळ्यांसकट. बघून बरं वाटलं, तेवढंच.

तिकडची सभा हे प्रकरण मी आयुष्यात विसरणार नाही. दहाची वेळ दिली होती. येणारा प्रत्येक माणूस बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवतो, आणि नुसता मिळवत नाही, धरून ठेवतो. सकाळ कशी आहे, घर कसं आहे, पोरं कशी आहेत, गुरं कशी आहेत. विसावा माणूस आला की हे वीस वेळा. एक वाजता सभा सुरू झाली. मग एकेकजण उठून बोलणार, सावकाश, आणि त्याचं संपेपर्यंत मध्ये कोणी तोंड उघडणार नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत कोणाचंच वाक्य पुरं होत नाही, म्हणून सभा अर्ध्या तासात मोडते आणि सगळे सुखाने घरी जातात. इथे वाक्यं पुरी होत होती. मी घामाने भिजून, घड्याळ बघत, ती पुरी होताना ऐकत होतो.

निर्णय झाला: पाया पाडायचा. हे मी सकाळी साडेदहालाच लादोला सांगितलं होतं.

"तू सांगितलंस," लादो म्हणाला. "पण त्यांनी ठरवलं नव्हतं."

लादो तिशी ओलांडलेला, बारीक, सतत हसरा. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत वाढला, तिथेच इंग्रजी शिकला. गिरणीच्या समितीचा अध्यक्ष माबियोर, हा सत्तरीचा म्हातारा, पूर्वी शाळेत मास्तर होता. हातात काठी, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. त्याच्या हाताखाली उपाध्यक्ष पाच, त्यातल्या एक न्यामाल.

"एका गिरणीला पाच उपाध्यक्ष?" मी लादोला विचारलं.

"देशाला पाच उपराष्ट्राध्यक्ष आहेत," तो म्हणाला. "करारात तसं ठरलं. सगळ्यांना आत घेतलं तर कोणी बाहेरून बंदूक चालवत नाही, असं म्हणतात. आम्ही तेच गिरणीला लावलं."

"आणि उपयोग होतो?"

"गिरणीला होईल," लादो म्हणाला.

वस्तीत निरनिराळ्या जमातींची माणसं होती. माबियोर डिंका, न्यामाल नुएर. देश स्वतंत्र झाल्यावर अडीच वर्षांतच याच शहरात सैन्याचे दोन तुकडे पडले आणि याच दोन मोठ्या जमाती एकमेकींवर उठल्या. मग करार, करार मोडला, पुन्हा करार. त्या सगळ्यातून उरलेली माणसं या वस्तीत शेजारी राहत होती आणि एकत्र एक गिरणी घेत होती. हे मला सोमवारी आणि मंगळवारी माहीत होतं का? होतं. लादोने सांगितलं होतं. मी मान डोलवली होती आणि नव्याने सरळ घातलेल्या पायावर पट्ट्याचा ताण बघत होतो.

बुधवार, पुढे

न्यामाल गेल्यावर सभा आपोआप थांबली. कोणी मला रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. माबियोरने काठीने माझ्या शेजारची जागा झटकली आणि बसला.

"गुरं आणि लेकरं मोजत नाहीत, इंजिनियर. मोजली की कमी होतात. आणि इथं तर मोजायच्या आधीच खूप कमी झालीत."

मी वही मिटली. मला हे माहीत असायला हवं होतं. वांगणीजवळ माझ्या मामाची भातशेती होती. खळ्यावर तो पायलीने भात मोजायचा तेव्हा पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचाच नाही. म्हणायचा 'लाभ'. लाभ, दोन, तीन. लहानपणी मी 'एक' म्हणालो तर डोक्यात टपली बसली होती. माझी आई जेवणाऱ्याच्या पानातल्या भाकऱ्या कधी मोजू द्यायची नाही. हे सगळं घेऊन मी इतक्या लांब आलो आणि एका बाईसमोर बोटं मोजली.

शिवाय रकान्यांची गरजच नव्हती. मला पाळ्या लावायच्या होत्या. मी लादोला समजावलं, की आमच्याकडे गिरणीवर माणूस थांबत नाही, डबा थांबतो. डब्यावर खडूने नाव टाकून ठेवून जायचं, डब्यांचीच रांग. कल्पना सांगताना माझा मला अभिमान वाटत होता. लादोने हात धरून मला वस्तीच्या हापशाकडे नेलं. तिथे पिवळ्या कॅनची लांबच लांब रांग एकटीच उन्हात उभी होती. माणूस एकही नाही.

"असं म्हणतोस का?" त्याने नम्रपणे विचारलं.

गुरुवार, शुक्रवार

गुरुवारी सकाळी मी आणि माबियोर न्यामालच्या घरी माफी मागायला गेलो. दार बंद. शेजारणीने सांगितलं, नदीपलीकडे भावाकडे मयत झालं आहे, शनिवारी संध्याकाळी येतील.

शनिवारी संध्याकाळी. माझं विमान शनिवारी दुपारी.

गोपशेठना फोन केला. ते कधी नव्हे ते उदार झाले. "पाच सही काफी है, साईं. छे किसने बोला? पेपर मी बघतो. निकल जाव."

मी उड्या मारत माबियोरकडे गेलो. कागदावर पाच सह्या घेतो, इंजिन चालू करून दाखवतो, आणि निघतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझं वाक्यही पुरं होऊ दिलं.

"घे पाच," तो म्हणाला. "गिरणी चालेल. मग न्यामालची माणसं म्हणतील, ही आमची नाही. मग एक दिवस कोणीतरी पट्टा कापेल. मग आमची पोरं त्याला शोधायला जातील. हे मी वाईट बोलत नाही. मी पाहिलंय ते सांगतो."

हे त्याने उद्या ऊन पडेल अशा सुरात सांगितलं. मी तिथेच एका उलट्या घमेल्यावर बसलो. मला फार मोठं काही वाटलं वगैरे नाही. मनात पहिलं आलं ते हे, की बायकोला काय सांगू. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटते सांगायला, आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं. मी पोचलोच नाही तर ते वाक्य बोलावं लागणार नाही.

शुक्रवार बसून काढला. दुपारी एकीने बोलावून जेवायला घातलं. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचं पातळ किस्रा, हुबेहूब आपलं घावन, फक्त पलंगपोसाएवढं. बरोबर वाळलेल्या भेंडीची बुळबुळीत आमटी आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. सगळ्यांनी एकाच ताटात हात घालायचा. आधी एक मुलगी तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घालते. मी लोणच्याची बरणी काढली. माबियोरने बोटभर चाटलं, डोळे घट्ट मिटले, आणि म्हणाला, "तुझ्या बायकोच्या मनात राग आहे."

जेवताना लादो निवडणुकीबद्दल बोलला. आयुष्यात त्याने एकदाच मत दिलं, देश वेगळा व्हावा की नाही यावर. मतपत्रिकेवर दोन चित्रं: एकमेकांत धरलेले दोन हात, आणि उघडा एक पंजा. पंजा म्हणजे वेगळं व्हायचं. अंगठा उमटवून तो छावणीपर्यंत नाचत गेला होता. "त्यानंतर निवडणूक ठरते आणि पुढे ढकलतात. परत ठरते, परत ढकलतात. माझ्या बोटाला शाई लागली ती तेवढीच."

"आमच्या बदलापुरातही नगरपालिकेची निवडणूक कित्येक वर्षं झाली नव्हती," मी म्हणालो. "नगरसेवक नाही, नुसता प्रशासक. गटारीसाठी कोणाकडे जायचं तेच कळेना."

"मग?"

"शेवटी झाली."

लादो चमकला. "म्हणजे तू मत दिलंस? कसं वाटलं?"

मतदानाच्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी मित्राच्या फार्महाउसवर वांगणीला हुरडा खायला गेलो होतो. लादो माझ्या बोटाकडे बघत होता.

"शाई पुसून जाते," मी म्हणालो.

त्यावर तो इतका समजूतदारपणे हसला की मी पुढचा घास नुसता चघळत बसलो.

मग माबियोरने मुलीचं विचारलं. मी साखरपुड्याचं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "किती गायी?"

"आमच्याकडे गायी नसतात."

"मग काय देतात मुलाकडचे?"

मी घोटभर पाणी प्यालो. "मुलाकडचे देत नाहीत. आम्ही देतो."

त्याने लादोकडे बघितलं, भाषांतर चुकलं का म्हणून. पण आम्ही इंग्रजीतच बोलत होतो.

"मुलीत काही दोष आहे?"

"नाही. इंजिनियर आहे. नोकरी करते."

"तू मुलगी देतोस. वाढवलेली, शिकवलेली. आणि वर सामानही देतोस. आणि तो घेतो?"

"यादी आहे त्यांची," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे, दमलो होतो. मग सगळंच सांगितलं. फुलस्केप, साठ आहेर, घोडा, घोड्यापुढचा बँड, आणि माझं पाठ केलेलं वाक्य. माबियोर हसला नाही. त्याने काठीच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली.

"आमच्यात बाप स्वतः बोलतच नाही," तो म्हणाला. "बापाला मुलीची माया असते, तो बोलताना गडबडतो. त्याचा भाऊ बोलतो. तुला भाऊ नाही?"

"नाही."

"तेच," तो म्हणाला.

शनिवार

दुपारी विमान वस्तीवरून गेलं. मी गिरणीच्या पत्र्याच्या सावलीत, बॅगेवर बसून ते बघितलं. मग घरी फोन लावला.

बायको रागावेल अशी माझी तयारी होती. ती रागावली नाही. "बरं," म्हणाली. मग, "केतकीला मी सांगते," आणि फोन ठेवला. सत्तावीस वर्षांत तिने मला इतक्या कमी शब्दांत कधी मोकळं सोडलं नव्हतं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी नीट केलेला पट्टा तीन वेळा परत नीट केला.

रविवार

सकाळी सहाला न्यामाल आल्या. चर्चला जायच्या तयारीत, पांढरं स्वच्छ लुगड्यासारखं वस्त्र, डोक्याला रुमाल. मागे त्यांच्या बायका, तशाच नटलेल्या. सगळी वस्तीच कडुलिंबाखाली नटून उभी होती. हात मिळवणं सुरू झालं. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी उठलो. माफीचं इंग्रजी रात्री जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. मग मामाचं सांगितलं. खळं, पायली, पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणणं, डोक्यातली टपली. मी दोन मिनिटं बोललो, लादोने पाच मिनिटं भाषांतर केलं. टपलीचा अभिनय त्याने स्वतःच्या डोक्यावर करून दाखवला. मी सांगितलं, मला माहीत असून मी विसरलो, चूक झाली.

न्यामालनी विचारलं, "पहिल्याला काय म्हणता?"

"लाभ."

"दुसऱ्याला?"

"दोन."

"मग दुसरं तरी का मोजता?"

हे मी मामाला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दुसरी टपली बसली असती.

त्या समोर बसल्या. "आकडा सांगणार नाही," म्हणाल्या. "नावं सांगते." आणि एकेक नाव सांगू लागल्या, प्रत्येकानंतर थांबत. काही नावांना मागच्या बायका हळूच हुंकार भरत होत्या, काहींना नाही; कुठली जिवंत आणि कुठली नाहीत ते मी विचारलं नाही. मोजायचा प्रयत्न झाला, सवय ती. पाचाच्या पुढे सोडून दिला.

मग त्यांनी ज्वारीने भरलेला आपला कॅन पुढे केला. मी इंजिनाचा दांडा फिरवला, तिसऱ्या झटक्याला ते धरलं, आणि गिरणीतून ज्वारीचं कोमट पीठ पडायला लागलं. तो वास अंबरनाथ काय, जुबा काय, एकच. पहिला कॅन भरला तेव्हा न्यामालनी माझ्याकडे बघितलं.

"लाभ," मी म्हणालो.

"लाब," चाळीस बायका म्हणाल्या. दुसरा कॅन आला, "लाब." तिसराही "लाब." दोन कुणी म्हटलंच नाही. सहावी सही झाली आणि माझा मोबाइल वाजला. बदलापुरात साडेअकरा, जुबात आठ.

पडद्यावर बायको, साडीत, कपाळाला आठ्या. "हॉलमध्ये आहोत. बघा आणि गप्प बसा. केतकी बोलणार म्हणते." मागे केतकी दिसली, ओठ घट्ट मिटलेली. मला तो चेहरा माहीत आहे.

माझ्या हौशी भाच्याने, सगळ्यांना माझा आवाज ऐकू यावा म्हणून, फोन हॉलच्या स्पीकरला जोडला होता. हे मला मागाहून कळलं. माझ्या पाठीमागे आता सगळी वस्ती पडद्यात डोकावत होती. "हीच का मुलगी?" कोणीतरी विचारलं, आणि बायकांनी जीभ हलवून तिकडच्या रीतीचा लांब, उंच आनंदाचा ललकार दिला. बदलापुरातल्या हॉलमध्ये तो स्पीकरमधून निघाला आणि चार माणसं उठून उभी राहिली.

मी तोंड उघडलं. "साहेब," म्हणालो. पुढचं वाक्य नेहमीच्या जागी अडकलं.

माबियोरने माझ्या हातातून मोबाइल घेतला. रविवारचा काळा कोट, हातात काठी. तो ताठ उभा राहिला.

"मी मुलीच्या बापाच्या भावाच्या जागी उभा आहे," तो मास्तरी इंग्रजीत म्हणाला. "मुलाकडून कोण बोलतं?"

हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आमचे व्याही, सरकारी इंग्रजीत, "सर, मायसेल्फ. बॉइज फादर."

"तुम्हाला नमस्कार. तुमचं घर कसं आहे? गुरं कशी आहेत?"

"फाइन, सर," व्याही म्हणाले. त्यांच्याकडे गुरं नाहीत, पण घाबरल्यावर माणूस फाइनच म्हणतो.

"छान. किती गायी आणल्यात?"

"सर, आमच्यात तशी पद्धत नाही..."

"ऐकलंय. तुमच्याकडे मुलीकडचे देतात असं ऐकलंय. मी म्हातारा आहे, मला नीट समजून घ्यायचं आहे. तुम्ही आमची शिकलेली मुलगी न्यायला रिकाम्या हाताने आला आहात, आणि वर यादी आणली आहे?"

न्यामालनी बाजूने लादोला काहीतरी विचारलं. त्याने सांगितलं. त्या पडद्याजवळ तोंड आणून आपल्या भाषेत चार शब्द बोलल्या. लादोने मोठ्याने भाषांतर केलं, "ही बाई विचारते, यादी दाखवता का? आम्ही बघू."

पहिला हसला तो ओंकार. मग केतकी. मग हॉलमधल्या बायका, आमच्या आणि त्यांच्याही. आणि हसणं थांबेना. व्याह्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थबकला. तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. आजवर दोन भेटींत मी त्यांचा आवाजही ऐकला नव्हता.

"यादी होती हो," त्या म्हणाल्या. "पण ह्यांचा चष्मा घरी राहिलाय. आता कोण वाचणार? जाऊ द्या. घ्या पुडा हातात."

व्याह्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर होता. तो त्यांनी काढला आणि खिशात ठेवला. एवढं मात्र त्यांना मानलं पाहिजे.

मंगळवारी सकाळी मी बदलापूरला घरी पोचलो. बायकोने चहा दिला, बरणी रिकामी आल्याचं बघितलं, सह्यांचा कागद चष्मा लावून वाचला, सहाही. मी आपला वाट बघत होतो. थोरामोठ्यांच्या सह्या कशा मिळवल्या, गिरणी कशी सुरू केली, थोडंसं कौतुक.

तिने कागद घडी घालून परत दिला.

"लग्नाला माबियोरभावजींना बोलवा," ती म्हणाली. "मुलीकडून बोलायला घरात कोणीतरी पुरुषमाणूस नको का?"